समूहवाचक नाम : एक की अनेक?
(तृतीय वर्ष कला, इंग्रजी विशेष)

प्रथम वर्षात असतानाची गोष्ट. इंग्रजीच्या चाचणी परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा' असा प्रश्न होता. एक वाक्य होते : 'द पोलीस ... अरेस्टेड द थीफ.' कंसात 'हॅज' आणि 'हॅव' असे दोन पर्याय. मी विचार केला, पोलीस एक, चोरही एक, तेव्हा 'हॅज'. पुढचे वाक्य होते : 'द कमिटी ... सबमिटेड इट्स रिपोर्ट.' समितीत पुष्कळ माणसे असतात, म्हणून तेथे मी 'हॅव' लिहिले. दोन्ही उत्तरे चुकली.

पेपर हातात मिळाल्यावर मी सरांकडे गेलो व माझा हिशेब त्यांना सांगितला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "तुझे गणित ठीक आहे, पण व्याकरणात माणसे मोजायची नसतात. वाक्य कोणाविषयी बोलते आहे ते पाहायचे असते."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवले. त्याचा अर्थ मात्र पुरता कळायला दोन वर्षे लागली, आणि तो वर्गात कळला नाही, उसाच्या फडात कळला. ती हकीकत शेवटी सांगेन. त्याआधी, माझ्याप्रमाणे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थी मित्रांना उपयोग व्हावा म्हणून इंग्रजीतील समूहवाचक नामांविषयी जे काही अभ्यासले ते क्रमाने मांडतो. लेख मराठी विभागासाठी असल्याने इंग्रजी वाक्येही देवनागरीतच दिली आहेत.

समूहवाचक नाम म्हणजे काय?

अनेक व्यक्तींच्या, प्राण्यांच्या किंवा वस्तूंच्या समुदायाला मिळून जे एक नाव दिले जाते ते समूहवाचक नाम. ही नामे आपल्याला नवीन नाहीत. मेंढ्यांचा कळप, पक्ष्यांचा थवा, किल्ल्यांचा जुडगा, भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, पोत्यांची थप्पी, नाण्यांची चळत, केळीचा घड, गवताची पेंढी, उसाची मोळी, हे शब्द आपण शाळेत पाठ करण्यापूर्वीच घरी आणि शेतावर शिकलेलो असतो. इंग्रजीतही तसेच आहे. गुरांचा 'हर्ड', मेंढ्यांचा 'फ्लॉक', किल्ल्यांचा 'बंच', मधमाश्यांचा 'स्वॉर्म', जहाजांचा 'फ्लीट', काटक्यांचे 'बंडल'. माणसांच्या समूहांसाठी तर स्वतंत्र शब्दच आहेत : फॅमिली, कमिटी, टीम, जुरी, क्रू, ऑडियन्स, आर्मी, गव्हर्नमेंट.

याद्या पाठ करणे सोपे आहे. अडचण पुढे येते. वाक्यात हे नाम कर्ता झाले की क्रियापद एकवचनी घ्यावे की अनेकवचनी?

मराठीत हा प्रश्न फारसा पडत नाही. मराठीत समूहवाचक नाम हा सामान्यनामाचाच एक प्रकार मानतात आणि क्रियापद शब्दाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कळप आला, टोळी आली, सैन्य आले. टोळीत पन्नास माणसे असली तरी टोळी 'आली' एवढेच. पन्नास टोळ्या असतील तेव्हाच 'टोळ्या आल्या'. याला अपवाद म्हणावा असा एक शब्द माझ्या लक्षात आला, तो म्हणजे 'मंडळी'. 'मंडळी जेवायला बसली आहे' असे आपण म्हणतो आणि 'मंडळी जेवायला बसली आहेत' असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात पंगत डोळ्यांपुढे येते, दुसऱ्यात जेवणारी माणसे. दोन्ही वाक्ये कानाला खटकत नाहीत. मित्रहो, मराठीत जे एका 'मंडळी'च्या बाबतीत घडते तेच इंग्रजीत फॅमिली, कमिटी, टीम अशा माणसांच्या पुष्कळ समूहांबाबत घडते. हे ध्यानात घेतले की निम्मे काम झाले.

मुख्य नियम

रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आपल्यापैकी बहुतेकांच्या हाताखालून गेलेले असते. त्यातील नियमाचा आशय असा : समूह हा एक अखंड घटक म्हणून वाक्यात आला असेल तर क्रियापद एकवचनी, त्यातील व्यक्ती वेगवेगळ्या धरल्या असतील तर क्रियापद अनेकवचनी. त्यापूर्वीच्या पिढीतील नेसफील्डच्या व्याकरणात तर या दोहोंना निरनिराळी नावे आहेत. अखंड समूह दाखविणारे ते समूहवाचक नाम आणि समूहातील व्यक्ती दाखविणारे ते बहुत्ववाचक नाम. शब्द तोच, पण वाक्यातील कामाप्रमाणे त्याचे नाव बदलते.

उदाहरणे पाहू :

'द जुरी हॅज गिव्हन इट्स व्हर्डिक्ट.' पंचांनी मिळून एकच निकाल दिला, म्हणून एकवचन.

'द जुरी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स.' पंचांची मते भिन्न होती. मत माणसाला असते आणि येथे माणसे वेगळी झाली, म्हणून अनेकवचन.

'द टीम इज द बेस्ट इन द डिस्ट्रिक्ट.' संघ एक.

'द टीम आर पुटिंग ऑन देअर शूज.' बूट ज्याने त्याने आपापले घालायचे असतात. संघाला पाय नसतात.

सरांच्या म्हणण्याचा अर्थ येथे थोडा उकलतो. जुरीत माणसे दोन्ही वेळी तितकीच आहेत. माणसांची संख्या बदलली नाही, आपली बघण्याची जागा बदलली.

आपला आणि आपापला

हा नियम वाचताना सोपा वाटतो, पण परीक्षेत घड्याळ पुढे सरकत असताना 'अखंड' काय आणि 'वेगवेगळे' काय हे चटकन ठरत नाही. यासाठी मी स्वतःपुरती एक कसोटी तयार केली आहे. ती कोणत्या पुस्तकात आहे असे नाही, परंतु मराठी विद्यार्थ्याला ती हाताशी असावी असे वाटते.

इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत आणावे. मराठीत 'आपला' हा शब्द बसत असेल तर इंग्रजीत एकवचन. 'आपापला' हा शब्द लागत असेल तर इंग्रजीत अनेकवचन.

समितीने आपला अहवाल सादर केला. येथे 'आपापला अहवाल' म्हणता येत नाही. म्हणून 'द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट.' समितीतील सदस्यांनी आपापली मते मांडली. येथे 'आपापली' हवेच. म्हणून 'द कमिटी हॅव एक्स्प्रेस्ड देअर व्ह्यूज.'

यातून दोन भाषांच्या स्वभावातला फरकही दिसतो. आषाढीला त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी आपल्या नगर शहरातून पुढे पंढरपूरला जाते. आपण म्हणतो, 'दिंडी मुक्कामाला पोहोचली.' पण लगेच पुढे 'दिंडीने आपापली वळकटी सोडली' असे कोणी म्हणत नाही. 'दिंडीतल्या वारकऱ्यांनी आपापली वळकटी सोडली' असेच म्हणतो. म्हणजे समूहातून माणसे वेगळी काढायची झाली की मराठी नामच बदलते. 'दिंडी'चे 'दिंडीतले वारकरी' करते. इंग्रजी नाम तेच ठेवते आणि क्रियापद बदलते. आपल्या चुका नेमक्या या सांध्यावर होतात, कारण आपण नामाकडे पाहत राहतो व क्रियापद हातचे सुटते.

नगरच्या किल्ल्यातील उदाहरण

नियम लक्षात राहावा म्हणून मी आपल्याच गावातले एक उदाहरण जुळविले आहे. अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला आपल्या सर्वांना माहीत आहे. काँग्रेस वर्किंग कमिटीने १४ जुलै १९४२ रोजी वर्धा येथे ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'चले जाव'चा ठराव संमत केला, आणि ९ ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी बारा नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. आता यावर वाक्ये करू.

'द वर्किंग कमिटी पास्ड इट्स रेझोल्यूशन ॲट वर्धा.' ठराव समितीचा, सर्वांचा मिळून एक. येथे क्रियापद साध्या भूतकाळी असल्याने त्यावरून वचन कळत नाही. 'इट्स' या सर्वनामावरून कळते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. साध्या भूतकाळात इंग्रजी क्रियापद एकवचनी-अनेकवचनी सारखेच दिसते, फक्त 'वॉज' आणि 'वेअर' वेगळे. म्हणून अशा वाक्यात सर्वनामाकडे लक्ष ठेवावे.

'द वर्किंग कमिटी वॉज डिक्लेअर्ड अनलॉफुल.' सरकारने संस्था बेकायदा ठरविली. संस्था एक, क्रियापद एकवचनी.

'द वर्किंग कमिटी वेअर सेंट टु डिफरंट प्रिझन्स.' बारा जण नगरला होते, परंतु राजेंद्रप्रसाद पाटण्याच्या तुरुंगात आणि सरोजिनी नायडू पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये होत्या. समिती एकाच ठिकाणी नव्हतीच. येथे 'वॉज' म्हटले तर एकच समिती एकाच वेळी अनेक तुरुंगांत होती असा विचित्र अर्थ होईल.

किल्ल्याच्या आत जो तो आपापल्या उद्योगात होता. नेहरूंनी तेथे बाग केली आणि १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर' मधील पत्रे लिहिली. 'आपापल्या' शब्द आला, तेव्हा अनेकवचन : 'द कमिटी वेअर बिझी विथ देअर ओन वर्क.'

एकच समिती, एकच किल्ला; पण ठराव करताना ती एक आहे आणि तुरुंगवास भोगताना अनेक.

संस्था आणि मंडळे

आपल्या जिल्ह्यात सहकारी संस्था पुष्कळ. लोणीजवळ प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० साली सुरू झाले, हे आपण अर्थशास्त्राच्या तासाला शिकतो. सहकारी संस्थेची नोंदणी झाली की कायद्याच्या दृष्टीने ती संस्था स्वतःच एक व्यक्ती होते. तिच्या नावावर जमीन घेता येते, तिच्यावर दावा लावता येतो. सभासद हजारो असले तरी सही एकच. त्यामुळे 'सोसायटी', 'कंपनी', 'बँक', 'युनिव्हर्सिटी' अशा शब्दांसाठी आपल्याकडील लेखनात एकवचन वापरणेच चांगले : 'द सोसायटी हॅज डिक्लेअर्ड अ डिव्हिडंड.' 'द बोर्ड', म्हणजे संचालक मंडळ, मात्र दोन्ही प्रकारे येऊ शकते. 'द बोर्ड हॅज फिक्स्ड द प्राइस'. परंतु भावावरून संचालकांत मतभेद असतील तर 'द बोर्ड आर डिव्हायडेड ऑन द प्राइस.'

नेहमी अनेकवचनी आणि नेहमी एकवचनी

काही शब्दांना मात्र ही मोकळीक नाही.

(१) पोलीस. येथेच माझे पहिले उत्तर चुकले होते. मराठीत 'पोलीस' म्हणजे शिपाई. 'एक पोलीस आला, चार पोलीस आले' असे आपण म्हणतो. इंग्रजीत 'पोलीस' म्हणजे संपूर्ण दल, आणि ते सदैव अनेकवचनी : 'द पोलीस हॅव अरेस्टेड द थीफ.' एक शिपाई सांगायचा असेल तर 'अ पोलीसमन' किंवा 'अ पोलीस ऑफिसर' म्हणावे. शब्द मराठीत आला पण येताना त्याचा अर्थ बदलला, आणि आपण तो बदललेला अर्थ घेऊन परत इंग्रजीत जातो.

(२) कॅटल आणि पीपल. 'कॅटल' म्हणजे गुरे. मराठीप्रमाणेच अनेकवचन : 'द कॅटल आर ग्रेझिंग.' 'पीपल' म्हणजे लोक, तेही अनेकवचन. 'पीपल इज' ही चूक वक्तृत्व स्पर्धेत हमखास ऐकू येते. 'पीपल्स' असे रूप करायचे ते 'निरनिराळी राष्ट्रे, जनसमूह' या अर्थानेच.

(३) फर्निचर, लगेज, मशिनरी, सीनरी. यांतही वस्तू अनेक असतात, पण इंग्रजीने त्यांचा एक ढीग केला आहे आणि त्यांची मोजणी बंद केली आहे. म्हणून क्रियापद नेहमी एकवचनी : 'द फर्निचर इज न्यू.' 'फर्निचर्स' हे रूप नाही. एक वस्तू सांगायची असेल तर 'अ पीस ऑफ फर्निचर'.

(४) 'ऑफ' असलेले शब्दप्रयोग. 'अ बंच ऑफ कीज इज ऑन द टेबल.' किल्ल्या कितीही असोत, जुडगा एक. 'कीज' हा शब्द क्रियापदाच्या अगदी शेजारी असतो म्हणून आपण फसतो. कर्ता शोधताना 'ऑफ'च्या मागे पाहावे. याला एक मोठा अपवाद आहे : 'अ नंबर ऑफ'. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲबसेंट', म्हणजे बरेच विद्यार्थी गैरहजर आहेत. पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल', म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या कमी आहे. 'अ' असेल तर माणसे, 'द' असेल तर आकडा.

(५) आदरार्थी अनेकवचन. हे समूहवाचक नाम नव्हे, पण चूक जवळचीच आहे म्हणून येथे देतो. 'माझे वडील आले' याचे भाषांतर पुष्कळजण 'माय फादर हॅव कम' असे करतात. मराठीतील अनेकवचन येथे आदराचे आहे, संख्येचे नाही. इंग्रजीत अशा आदराची सोय क्रियापदात नाही. गंमत अशी की, आपल्या घरोघरी वडील 'आले' असतात आणि आई 'आली' असते.

इंग्लंड, अमेरिका आणि क्रिकेट

वर सांगितलेली एकवचन-अनेकवचनाची निवड मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतील आहे. अमेरिकेत समूहवाचक नामास बहुधा एकवचनच लावतात. माणसे दाखवायची झाली तर ते 'द मेंबर्स ऑफ द कमिटी' असे म्हणून मोकळे होतात. म्हणजे या बाबतीत अमेरिकन मनुष्य आपल्या मराठीसारखा वागतो. ब्रिटिश पद्धतीचा ठसा आपल्याकडे क्रिकेटच्या समालोचनात उरला आहे. 'इंडिया हॅव वन द टॉस' असे आपण ऐकतो तेव्हा 'इंडिया' म्हणजे अकरा खेळाडू. भूगोलाच्या पुस्तकात मात्र 'इंडिया हॅज अ लाँग कोस्टलाइन'. तेथे इंडिया म्हणजे देश.

तेव्हा कोणते बरोबर? दोन्ही बरोबर. पण एक अट आहे आणि ती अट हाच या प्रकरणातील सर्वांत कडक नियम होय : एकदा जे वचन धरले ते वाक्यात शेवटपर्यंत पाळावे. 'द जुरी हॅज गिव्हन देअर व्हर्डिक्ट' हे वाक्य काटेकोर लेखनात सदोष ठरते. 'हॅज' म्हणून जुरी एक केली. मग 'देअर' म्हणून ती अनेक करता येणार नाही. 'हॅज' असेल तर 'इट्स' व 'विच'. 'हॅव' असेल तर 'देअर' व 'हू'. सोयीप्रमाणे अर्ध्या वाक्यात एक आणि अर्ध्या वाक्यात अनेक, असे चालणार नाही.

सरावासाठी

पुढील वाक्यांचे भाषांतर करून पाहावे. (अ) आमचा वर्ग शिस्तीचा आहे. (आ) वर्गातली मुले आपापल्या गावी गेली आहेत. (इ) पोलीस चौकशी करीत आहेत. (ई) द्राक्षांचा घड पिकला आहे. (उ) प्रेक्षकांनी आपापल्या जागा घेतल्या आहेत.

उत्तरे : (अ) 'अवर क्लास इज डिसिप्लिन्ड.' (आ) 'द क्लास हॅव गॉन टु देअर व्हिलेजेस.' (इ) 'द पोलीस आर इन्क्वायरिंग.' (ई) 'द बंच ऑफ ग्रेप्स इज राइप.' (उ) 'द ऑडियन्स हॅव टेकन देअर सीट्स.' यातील (आ) आणि (उ) मध्ये 'आपापला'ची कसोटी लावून पाहावी.

एका कोयत्याची गोष्ट

आता सुरुवातीला कबूल केलेली हकीकत सांगतो.

मी पाथर्डी तालुक्यातला. आमच्या तालुक्यातून, तसेच शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून, दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडणीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. माझे आईवडील दरवर्षी जातात. मुकादम आगाऊ उचल देतो आणि ती हंगामभर तोडून फेडायची असते. या व्यवहारात माणसे मोजण्याचे एक माप आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. एकटा गडी असेल तर 'अर्धा कोयता'. टोळी किती मोठी असे विचारले तर 'दहा कोयते' असे उत्तर येते. म्हणजे वीस माणसे. मराठीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातील समूहदर्शक शब्दांच्या यादीत मी हा शब्द पाहिलेला नाही, पण तो समूहवाचकच आहे. इंग्रजीतील 'कपल' या शब्दाशी तो जुळतो. 'कपल'लाही एकवचन आणि अनेकवचन दोन्ही चालते.

द्वितीय वर्षाच्या हिवाळी सुट्टीत मी आईवडिलांकडे फडावर गेलो. माझे अक्षर बरे म्हणून मुकादमाने हजेरीची वही माझ्याकडे दिली. पहिल्या पानावर टोळीची यादी होती. प्रत्येक घरातील कर्त्या पुरुषाचे नाव आणि त्यापुढे '१ कोयता'. जुने पान भिजले होते म्हणून मी ती यादी नव्या पानावर उतरवून काढली. वडिलांच्या नावापुढे '१ कोयता' असे मीच लिहिले. त्यात मला काही वावगे दिसले नाही.

त्याच आठवड्यात आईला ताप भरला. तीन दिवस ती कोपीत पडून होती. वडील तोडत होते आणि मी मोळ्या बांधत होतो. पण आईचा हात मला कुठला! तोडणीचे पैसे टनावर असतात. त्या तीन दिवसांत आमचे टन कमी भरले, तेवढे पैसे आपोआप कमी झाले. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुकादम माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "बाईचे तीन खाडे मांड."

खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि तिचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. मी वहीचे पहिले पान काढून म्हटले, "मामा, इथे कोयता एक लिहिलाय. मग बाईचा खाडा वेगळा कसा?"

तो म्हणाला, "कोयता एकच रे. पण माणसं दोन हायेत ना."

सरांचे वाक्य मला त्या क्षणी आठवले. मुकादमाला व्याकरण पुरेपूर येत होते. नाव लिहिताना, पैसे देताना कोयता एक होता : 'हॅज'. दंड लावताना तोच कोयता दोन माणसांचा झाला : 'देअर'. जुरीच्या वाक्यातली चूक यापेक्षा वेगळी नव्हती. पण परीक्षेत त्या चुकीला एक गुण जातो. येथे आईच्या नावावर तीन दिवसांचा दंड चढला, तोही माझ्याच अक्षरात. मी खाडे मांडले. न मांडून करणार काय? उचल आमच्या डोक्यावर होती, आणि वडील दुरून माझ्याकडे पाहत होते.

वही मिटताना एक गोष्ट लक्षात आली. त्या संपूर्ण वहीत आईचे नाव तोवर कोठेही नव्हते. ते पहिल्यांदा आले ते खाड्याच्या रकान्यात.

सुट्टी संपण्यापूर्वी मी एवढेच केले. टोळीची यादी पुन्हा उतरवून काढली आणि प्रत्येक कोयत्यापुढे दोन नावे लिहिली, नवऱ्याचे आणि बायकोचे. मुकादमाला सांगितले, "खाडा कोणाचा ते नीट कळावे म्हणून." त्याने पाहिले आणि काही बोलला नाही, त्यालाही ते सोयीचे वाटले असावे. दंड त्याने कमी झाला नाही. मात्र पुढच्या पंधरवड्याला हिशेब वाचून दाखवला तेव्हा मला दोन्ही नावे वाचावी लागली. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिने विचारले, "माझंबी नाव हाय का त्यात?" मी हो म्हटले. ती पुढे काही बोलली नाही, भाकरी थापू लागली.

विद्यार्थी मित्रहो, समूहवाचक नामापुढे क्रियापद कोणते घ्यावे हा प्रश्न परीक्षेत एक-दोन गुणांचा आहे, आणि वर दिलेले नियम ध्यानात ठेवले तर ते गुण हातचे जाणार नाहीत. परंतु यापुढे कोठेही 'समिती', 'कुटुंब', 'टोळी', 'मंडळ' असा शब्द वाचाल तेव्हा एकदा थांबून पाहावे, की हे वाक्य एकाविषयी बोलते आहे की अनेकांविषयी. आणि शेवटपर्यंत त्यांच्याविषयीच बोलते आहे ना.